टोकियोच्या रात्रीची शिडी

गिन्झाच्या मुख्य रस्त्यावरून संध्याकाळी चालणाऱ्या नवख्या माणसाला तिथले चांगले बार दिसतच नाहीत. दिसतात ती घड्याळांची, अत्तरांची आणि दागिन्यांची झगमगीत दुकानं. मागच्या गल्लीत वळून मान वर केली, की मग इमारतींच्या कडेला वरपासून खालपर्यंत लावलेल्या अरुंद पाट्या नजरेस पडतात. एकेका मजल्यावर दोन-दोन, तीन-तीन नावं. ‘७एफ’ म्हणजे सातवा मजला, ‘बी१’ म्हणजे तळघर. लिफ्ट इतकी लहान, की चार माणसं शिरली तर पाचव्याने जिना धरावा. वर पोचल्यावर समोर एक जाड लाकडी दार. काच नाही, बाहेर मेनू लावलेला नाही, आतला आवाजही येत नाही. आत गर्दी आहे की शुकशुकाट, कळायला काही मार्ग नाही.

बरेच पर्यटक इथूनच परत फिरतात आणि खाली रस्त्यावर हसतमुखाने बोलावणाऱ्या कुणाच्या तरी मागे जातात. टोकियोत रात्री होणाऱ्या फसगतींची सुरुवात बहुधा याच वळणावर होते.

एका बारमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात रात्र घालवण्याला जपानी भाषेत ‘हाशिगो-झाके’ म्हणतात. हाशिगो म्हणजे शिडी, साके म्हणजे दारू. शब्द फार नेमका आहे, कारण या शहरात पुढची पायरी आधीच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. चांगल्या बारचा पत्ता दुसऱ्या चांगल्या बारमध्येच मिळतो. मोबाईलवरच्या याद्या, पुरस्कार, पर्यटकांचे शेरे यांचा उपयोग पहिली पायरी गाठण्यापुरता. तिथून पुढे माणूस माणसाकडे पाठवतो.

याचं कारण या बारच्या रचनेतच आहे. गिन्झातल्या नावाजलेल्या बारमध्ये पुष्कळदा आठ-दहा खुर्च्यांचा एक काउंटर आणि फार तर एक-दोन टेबलं असतात. पलीकडे मालक स्वतः उभा असतो, सोबत एखाद-दोन शिष्य. वेटर नाही, किचन नाही, मोठ्या आवाजातलं संगीत नाही. गिऱ्हाईक आणि पेय बनवणारा यांच्यामध्ये फक्त हातभर रुंदीची लाकडी फळी. त्यामुळे टोकियोत बार म्हणजे जागा नव्हे, माणूस. लोक बारचं नाव घेण्याआधी बारटेंडरचं नाव घेतात, आपल्याकडे घराण्याआधी गवयाचं घ्यावं तसं.

आणि घराणी इथेही आहेत. जपानमध्ये कॉकटेल आलं बंदरावरून. योकोहामा १८५९ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं, पाठोपाठ परदेशी लोकांसाठी हॉटेलं निघाली आणि हॉटेलांत बार आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ग्रँड हॉटेलचा कारभार लुई एपिंगर नावाचा जर्मन गृहस्थ पाहत असे. ड्राय शेरी, ड्राय व्हर्मुथ आणि बिटर्सचे काही थेंब असं ‘बांबू’ नावाचं हलकं कॉकटेल त्याच्या नावाशी जोडलेलं आहे. १९२३ च्या भूकंपात ते हॉटेल नष्ट झालं, बांबू मात्र टिकलं. आजही टोकियोत जेवणाआधी काही हलकं हवं असं सांगितलं, की तो पेला समोर येऊ शकतो.

हॉटेलांतून ही विद्या गिन्झात उतरली आणि गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तिथल्या बारटेंडरांची परंपराच तुटली. जपानमध्ये जुन्या पुस्तकांतली जुनी पेयं तशीच बनत राहिली आणि हाताची सफाई पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून आणखी लखलखीत झाली. काझुओ उएदा यांनी शेकर हलवण्याची ‘हार्ड शेक’ नावाची पद्धत घडवली आणि ती जगभरच्या बारटेंडरांच्या चर्चेचा विषय झाली. हिसाशी किशी १९९६ साली जागतिक कॉकटेल स्पर्धा जिंकले आणि २००० साली त्यांनी गिन्झात ‘स्टार बार’ उघडला. त्यांच्याकडे काम केलेल्या हिदेत्सुगु उएनो यांनी २००८ मध्ये ‘हाय फाइव्ह’ सुरू केला.

हाय फाइव्हमध्ये मेनूच नाही. नवख्याला धडकी भरावी अशी ही गोष्ट, पण खरं तर तिथे त्याची मोठी सोय होते. बारटेंडर साधे प्रश्न विचारतो. जिन, रम, व्हिस्की, काय आवडतं? आंबट हवं की गोड? कडक की हलकं? फळ चालेल का? इतक्या उत्तरांवर तो पेय ठरवतो. कॉकटेलांची नावं पाठ नसलेल्या माणसाला याहून चांगली वागणूक जगात फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. इंग्रजी बोललं जातं, त्यामुळे शिडीची पहिली पायरी म्हणून ही जागा उत्तम. ‘दारू नको, पण तुमच्या हातचं काहीतरी द्या’ असं सांगायलाही संकोच करू नये. ऋतूतल्या फळांचं बिनदारूचं पेयही इथे त्याच निगुतीने बनतं.

ती निगुती कळायला मोठं कॉकटेल लागत नाही, हायबॉल पुरे. हायबॉल म्हणजे व्हिस्की आणि सोडा, मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली जोडी. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला जाऊन व्हिस्की बनवायला शिकून आले, शिंजिरो तोरी यांनी १९२३ मध्ये यामाझाकीला डिस्टिलरी उभारायला घेतली, आणि पुढे व्हिस्की-सोडा हे जपानी नोकरदाराचं रोजचं पेय झालं. पण गिन्झातला हायबॉल बनताना पाहावा. आधी समोर गरम, पिळलेला छोटा टॉवेल येतो, हात पुसायला. मग बर्फ. तो ट्रेमधला पांढरा, भेगाळलेला बर्फ नसतो. बर्फाच्या कारखान्यात पाणी ढवळत ठेवून दोन दिवस किंवा त्याहून जास्त वेळ सावकाश गोठवलेल्या मोठ्या लादीतून कापलेला तो तुकडा असतो, काचेसारखा आरपार. बारटेंडर तो सुरीने तासतो आणि पेल्यात बरोबर बसेल असा करतो. बर्फ पेल्यात फिरवून पेला थंड करतो, सुटलेलं पाणी ओतून टाकतो. व्हिस्की घालून पुन्हा फिरवतो. सोडा बर्फावर ओतत नाही; बर्फ आणि काच यांच्या फटीतून हळूच खाली सोडतो, म्हणजे बुडबुडे मरत नाहीत. शेवटी लांब दांड्याचा चमचा बर्फाखाली घालून एकदाच वर उचलतो. ढवळणं एवढंच. पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत चव पाणचट होत नाही, ती या सगळ्यामुळे.

आणि याच शहरात याच्या अगदी उलट हायबॉलही मिळतो. १९१८ साली कोबेमध्ये सुरू झालेल्या ‘साम्बोआ’ या बारचा वंश ओसाका, क्योतोमार्गे गिन्झापर्यंत पोचला आहे. तिथे हायबॉलमध्ये बर्फच नाही. सोडा गारेगार, वरून लिंबाच्या सालीचा एक पिळा, सोबत शेंगदाणे, आणि पुष्कळ गिऱ्हाईकं उभ्यानेच पेला संपवून घरी जाणारी. साम्बोआ हे नाव विकत मिळत नाही; आधीच्या साम्बोआत वर्षानुवर्षं काम केलेल्या शिष्यालाच ते लावता येतं. एका रात्रीत दोन्ही हायबॉल प्यायले, की टोकियो अर्धं समजलं म्हणायला हरकत नाही.

शिंजुकु स्टेशनच्या पश्चिमेला, एका साध्या दिसणाऱ्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर, वेगळंच जग आहे. ‘बार बेनफिडिक’चे हिरोयासू कायामा हे सैतामा प्रांतातल्या चिचिबूजवळच्या शेतकरी घरातले. घरच्या शेतात ते औषधी वनस्पती लावतात आणि बारमध्ये आणून गिऱ्हाईकासमोर खलात कुटतात. वाळलेली मुळं, बिया, साली भरलेल्या बरण्या, मंद उजेड, खलबत्त्याचा आवाज. मराठी माणसाला ते दृश्य एखाद्या जुन्या वैद्याच्या ओसरीसारखं वाटेल. बाजारात आयता मिळणारा इटालियन कडू अर्कही कायामा स्वतः कुटून, रंगासाठी कोचिनील किडे घालून तयार करतात. (शाकाहाऱ्यांनी एवढं विचारून घ्यावं.) बारचं नावसुद्धा त्यांच्या आडनावावरून आलंय. कायामा म्हणजे हरीण आणि डोंगर. स्कॉटिश गेलिकमध्ये डोंगर ‘बेन’, हरीण ‘फिडिक’. २०१३ साली सुरू झालेला हा छोटा बार आशियातल्या नामवंत बारच्या यादीत वर्षानुवर्षं झळकत आलाय. त्यामुळे तिथे आयत्या वेळी जागा मिळण्याची खात्री नाही, उघडायच्या वेळेलाच दारात हजर राहणं शहाणपणाचं.

ज्यांना पेल्यापेक्षा माणसांच्या गोष्टी जास्त ओढतात त्यांनी गिन्झाच्या एका बोळातल्या तळघरात उतरावं. ‘बार ल्युपिन’ १९२८ पासून तिथे आहे. दारावर एकडोळी चष्मा आणि उंच हॅट घातलेल्या, फ्रेंच कथांमधल्या चोराचं, आर्सेन ल्युपिनचं चित्र. कावाबाता यासुनारी, नागाई काफू असे लेखक इथे येत. १९४६ साली छायाचित्रकार तादाहिको हायाशी इथे ओदा साकुनोसुके या लेखकाचे फोटो काढत होते. काउंटरच्या टोकाला बसलेल्या एका माणसाने ‘माझाही काढा’ म्हणून गलका केला. हायाशींजवळ फ्लॅशचा एकच बल्ब उरला होता. जागा इतकी अरुंद, की फोटो चौकटीत बसवायला त्यांना संडासाचं दार उघडून मागे सरकावं लागलं. तो माणूस होता लेखक ओसामु दाझाई. उंच स्टुलावर पाय वर घेऊन बसलेला, टाय सैल, नजर बाजूला. दोन वर्षांनी दाझाई गेला, आणि जपानी वाचकाच्या मनात त्याचा चेहरा म्हणून हाच फोटो कायमचा राहिला. आजही लोक येऊन ते स्टूल कोणतं असं विचारतात.

गिन्झात मोठ्याने बोलत नाहीत. शिंजुकुच्या ‘गोल्डन गाई’त मात्र शेजारच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण त्याचं कोपर आपल्या पेल्याला लागत असतं. महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारातून इथली वस्ती उभी राहिली. वेश्याव्यवसायबंदीचा कायदा १९५८ मध्ये पूर्ण लागू झाला आणि इथल्या लाकडी खोपट्यांमध्ये बार आले. सहा अरुंद बोळ, दोनशेहून अधिक बार, एकेकात पाच ते दहा खुर्च्या, वरच्या मजल्यावर जायला घोडीसारखा उभा जिना. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव आभाळाला भिडले तेव्हा हे सगळं पाडून टॉवर उभारायचा घाट घातला गेला, आगी लागल्या, आणि गिऱ्हाईकांनीच रात्री पाळीपाळीने पहारा दिला. लेखक, नाटकवाले, सिनेमावाले यांचा हा अड्डा होता म्हणून तो वाचला. तिथल्या ‘ला जेते’ या बारचं नाव क्रिस मार्करच्या १९६२ मधल्या फ्रेंच चित्रपटावरून आहे, आणि परदेशी दिग्दर्शक टोकियोत आले की त्याचा जिना चढतात.

गोल्डन गाईत दार निवडताना मात्र पाटी वाचावी. काही बार फक्त नेहमीच्या लोकांसाठी आहेत. तिथे नकार मिळाला तर तो अपमान समजू नये. सहा खुर्च्यांच्या बारमध्ये चार अनोळखी लोक बसले, तर रोज येणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाने कुठे बसायचं? जिथे इंग्रजीत दर लिहिलेले असतात, तिथे पाहुण्यांचं स्वागत असतं. दोघे किंवा एकटे जावं. सहा-आठ जणांचा घोळका घेऊन टोकियोच्या कुठल्याच चांगल्या बारमध्ये जाता येत नाही, आणि महाराष्ट्रातून ग्रुप टूरने जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते. उपाय सोपा आहे: जोड्या करून वेगवेगळ्या दारांनी आत जावं आणि नंतर भेटावं. गल्लीत आणि बारच्या आत न विचारता फोटो काढू नयेत.

पैशांचं गणित आधी समजून घेतलं, की मनस्ताप होत नाही. खुर्चीवर बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी येते; उकडलेली भाजी, सुका मेवा, कधी खारवलेला मासा. ही ‘ओतोशी’. हा चखणा फुकट नसतो आणि परतही करायचा नसतो. ते बसण्याचं भाडं आहे, साधारण ५०० ते १,५०० येन. गिन्झातल्या कॉकटेलला दीड ते अडीच हजार येन पडतात, काही ठिकाणी वर सेवाशुल्कही असतं. टिप मात्र द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालेल्या पाहुण्याच्या मागे ‘विसरलात’ म्हणून बारटेंडर धावत आल्याचे किस्से टोकियोत नेहमीच ऐकू येतात. एका बारमध्ये दोन पेले, फार तर तास-दीड तास. आठ खुर्च्यांच्या जागेत रात्रभर ठाण मांडणं बरं दिसत नाही. कडक अत्तर लावून जाऊ नये, कारण शेजारच्याच्या पेल्याचा वास त्यात हरवतो. लहान, जुन्या बारमध्ये धूम्रपानाला कायद्याने अजून सूट आहे. धूर सोसत नसेल तर दारावरची खूण आधी पाहावी.

आता त्या रस्त्यावरच्या हसतमुख माणसाबद्दल. काबुकिचो आणि रोप्पोंगी या भागांत ‘एक हजार येनमध्ये हवं तेवढं प्या’ म्हणत कुणी सोबत चालू लागतो. टोकियोत अशी गिऱ्हाईकं ओढायला बंदी आहे, काबुकिचोत लाउडस्पीकरवरून सतत तसे इशारे दिले जातात, तरीही हा धंदा चालतो. आत गेल्यावर न मागितलेल्या पेल्यांचं, टेबलाचं, सोबतीचं बिल लाखभर येनच्या घरात जाऊ शकतं. पेयात गुंगीचं औषध घालून कार्ड वापरल्याचे प्रकार झाल्याने अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना या भागांबद्दल सावध केलेलं आहे. नियम एकच पाळावा: जो बोलवायला येतो, त्याच्याकडे जाऊ नये. उएनो किंवा कायामा यांच्या दारात कुणी हाका मारत उभं नसतं. अडकलंच तर ‘कोबान’ नावाची पोलीस चौकी स्टेशनांजवळ हमखास सापडते.

नाचायची हौस असणाऱ्यांसाठी शिबुया. तिथली पहाटेपर्यंतची रात्र कायद्याच्या दृष्टीने मात्र अगदी अलीकडची आहे. १९४८ च्या एका कायद्यामुळे जपानमध्ये मध्यरात्रीनंतर क्लबात नाचणं बेकायदा होतं. कितीतरी वर्षं पोलिसांनी काणाडोळा केला, मग २०१० च्या सुमारास अचानक धाडी सुरू झाल्या. त्याविरुद्ध दीड लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या, संगीतकार र्युइची साकामोतो यांनी पाठिंबा दिला, आणि जून २०१६ पासून रात्रभर नाचायला मुभा मिळाली. अट अशी, की आत निदान १० लक्स उजेड हवा. क्लबच्या दारात पासपोर्ट विचारतात. २०२२ पासून जपानमध्ये अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण दारूसाठी वीसच वर्षं लागतात. महाराष्ट्रात कडक दारूला पंचवीस लागतात हे ठाऊक असलेल्या तरुणांना ही सवलतच वाटेल.

वाहनाला मात्र हात लावायचा नाही. पिऊन गाडी चालवणाऱ्यासोबत त्याला दारू देणारा आणि शेजारी बसणाराही जपानमध्ये दोषी ठरू शकतो. नोव्हेंबर २०२४ पासून सायकलस्वारांसाठीही शिक्षा कडक झाल्या आहेत.

म्हणून टोकियोची रात्र खऱ्या अर्थाने बांधलेली आहे ती रेल्वेच्या वेळापत्रकाला. शेवटची गाडी बाराच्या आगेमागे, पहिली पहाटे पाचच्या सुमारास. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जास्त भाडं पडतं. पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकरीसाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबं एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात राहतात. गिन्झाहून निहोनबाशीला येऊन तोझाई लाइन पकडली, की ते घर फार लांब नाही. पण शेवटची गाडी चुकली तर तेच अंतर खिशाला जड होतं. टोकियोत नातलग असलेल्या पाहुण्याने मुक्कामाचं ठिकाण ठरवतानाच हे लक्षात घ्यावं. गिन्झातले बार लवकर आवरतात, रविवारी पुष्कळसे बंदच असतात, तर शिंजुकुत पहाटेपर्यंत दिवे असतात. त्यामुळे शिडी गिन्झापासून सुरू करून शिंजुकुकडे न्यावी, उलट नाही.

आणि पुढची पायरी विचारायची वेळ ठरलेली आहे: दुसरा पेला अर्धा झाल्यावर. आल्या आल्या विचारलं तर ते उठून जायच्या घाईसारखं वाटतं. दोन पेल्यांत मात्र बारटेंडरला पाहुण्याची आवड कळलेली असते. त्याने आंबट मागितलं की कडक, तो गप्पा मारतोय की गप्प बसून बाटल्यांची लेबलं वाचतोय, हे सगळं त्याने टिपलेलं असतं. ‘इथून पुढे कुठे जाऊ?’ असं विचारलं, की तो क्षणभर विचार करतो. मग आपलं व्हिजिटिंग कार्ड काढून उलटं करतो आणि पाठीमागे एक नाव, चोमेचा म्हणजे पेठेतल्या भागाचा आकडा आणि मजला लिहितो. कधी फोन उचलून खुर्ची रिकामी आहे का तेही विचारतो. पैसे दिल्यावर तो काउंटरमागून बाहेर येतो, लिफ्टपर्यंत सोबत चालतो आणि दार मिटेपर्यंत कमरेत वाकून उभा राहतो. खाली गल्लीत आल्यावर पाहुणा दिव्याखाली ते कार्ड धरतो, अक्षरं लावतो आणि पुन्हा एकदा इमारतींच्या कडेच्या पाट्या वाचत चालू लागतो.